विरंगुळ्यास वाव

गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी गरम काचमण्यांच्या तसराळ्यात खुपसून नेल्डा ती मऊ व्हायची वाट बघत होती, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. रॉसने, तिच्या नवऱ्याने, एक फोटो पाठवला होता आणि त्याखाली जाहिरातीच्या चार ओळी. उत्तर मिसुरी. एकशे साठ एकर. तीस एकर गवताखाली, बाकी झाडी, घळ, ओढा. जुनं घर आहे, त्याची किंमत धरलेली नाही. शिकारीस व विरंगुळ्यास उत्तम वाव. फोटोत एक उतार होता, उताराच्या पायथ्याशी दुमडलेल्या कोपरासारखं ओढ्याचं वळण, आणि वळणावर तीन अक्रोड एकमेकांकडे पाठ करून उभे. तो उतार तिने ओळखला, गर्दीत आपल्या माणसाची पाठ ओळखू यावी तसा. पण धक्का बसला तो उताराने नव्हे. नजर त्या शेवटच्या ओळीत अडकली, झग्याचा काठ तारेत अडकावा तशी, आणि सोडवायला गेलं की आणखी फाटेल असं वाटून ती नुसती उभी राहिली. दांडी तसराळ्यात राहिली ती राहिलीच. समोरचे वयस्क गृहस्थ चष्म्यावाचून डोळे मिचकावत म्हणाले, “काही जळतंय का हो?” “हो,” नेल्डा म्हणाली, “तुमचा चष्मा.” चष्म्यांच्या त्या दुकानातल्या सव्वीस वर्षांत तिच्या हातून पहिल्यांदाच असं झालं. ते गृहस्थ भले होते. म्हणाले, “बरं झालं, मला तो शोभतच नव्हता.”

दिवसभर ती लोकांच्या कानामागे बोटं घालून “टोचतंय का?” असं विचारत राहिली. विरंगुळा. कुणाला होता तिथे विरंगुळा? आईला? आईला बसलेलं तिने पाहिलं ते फक्त शेंगा सोलताना, आणि तेव्हाही तिचा एक पाय उठायच्या बेतात पुढे असे. बापाला? रविवारी चर्चमधून आल्यावर इतरांचे बाप पोटभर जेवून खुर्चीत घोरायचे. तिचा बाप चर्चचे कपडे उतरवून खुंटीला लावायचा आणि म्हणायचा, “जरा कुंपण बघून येतो.” कुंपण दोन मैल लांबीचं होतं. तो पक्कड आणि खिळे घेऊन बघायला जायचा आणि दिवस मावळता मावळता परत यायचा, पिंढऱ्यांवर काट्यांच्या लाल रेघा घेऊन. बंदूक होती, नाही कशी. स्वयंपाकघराच्या दारामागे झाडूशेजारी उभी असायची आणि झाडूसारखीच कामापुरती बाहेर निघायची. “बघा काही मिळतंय का,” आई म्हणायची, तेही हिवाळा लांबला आणि फडताळात नुसते बटाटे उरले म्हणजे. ससा मिळाला तर पातेल्यात जायचा. शिकार हा शब्द त्या घरात कुणी उच्चारल्याचं तिला आठवेना. आणि आता तोच शब्द आपल्या उताराखाली कुणीतरी लिहून ठेवला होता, जन्मखूण लिहावी तसा. ‘आपल्या’ म्हणताना ती मनातल्या मनात चपापली. चष्म्याच्या काचा पुसता पुसता तिचा हात थांबला.

कारण तो उतार आपला नव्हता. कधीच नव्हता. तिचा बाप अल्विन ऑस्टरमन ती जमीन अर्धेलीने करत होता. बियाणं अर्धं, खत अर्धं, पीक अर्धं, आणि मेहनत तेवढी सगळी त्याची. मालकीणबाई नदीपलीकडे क्विन्सी गावी राहायच्या आणि वर्षातून दोनदा येऊन गाडीतून न उतरता शेत बघून जायच्या. काचेआडून त्यांचा हातमोजा हलायचा, बाप टोपी काढायचा. ह्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. निम्मा मुलूख तसाच होता. तिथे कुणी कुणाला ‘तुमची जमीन किती’ असं विचारत नसे, ‘तुम्ही किती करता’ असं विचारत, आणि बाप मान ताठ ठेवून सांगायचा, “आम्ही एकशे साठ करतो.” मग एके वर्षी मालकीणबाईंच्या पुतण्याचं पत्र आलं की पुढच्या हंगामापासून जमीन दुसऱ्याला दिली आहे, ज्याच्याकडे मोठी यंत्रं आहेत त्याला. बावीस वर्षं एका पाकिटात मावली. ते कॅन्सस सिटीला आले, बाप एका शाळेच्या फरशा पुसू लागला. आणि दोन वर्षांनी, रॉसच्या घरच्या पहिल्या जेवणाला, त्याच्या आईने बटाट्यांचं भांडं पुढे करत सहज विचारलं, “तुम्हा लोकांची जमीन किती होती गं?” नेल्डा म्हणाली, “एकशे साठ एकर होती.” एवढंच. ‘करायचो’च्या जागी ‘होती’. रॉसच्या वडिलांनी ताटातून मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि त्या पाहण्यात जे होतं ते तिला आवडलं. मग एका शब्दाला दुसरा धरून राहिला. आमचा उतार, आमचे अक्रोड, आमचा ओढा. लग्नानंतर कधी रॉस बापाला म्हणायचा, “तुमच्या शेतावर एकदा जाऊन येऊ या,” तेव्हा बाप खिडकीबाहेर बघायचा आणि म्हणायचा, “आता तिथे काय आहे बघायला.” त्याने लेकीला खोटं पाडलं नाही. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली, आणि त्याचं ते खिडकीबाहेर बघणं अजून तिच्या मानेवर भार देऊन होतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा रॉस ओट्याशी उभा राहून मांस-राजम्याची झणझणीत चिली ढवळत होता. एरवी तो चमचाही विसळत नसे. छपरं घालायचा धंदा विकून त्याला दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून तो घरभर हातोडी हरवल्यासारखा हिंडत होता. आज त्याच्या चेहऱ्यावर उजेड होता.

“ओळखलंस ना?”

“ओळखलं.”

“मग हसत का नाहीस?”

“दात दुखतोय.”

“लबाड. अगं, तू सांगितलेलं एकेक जुळवत बसलो होतो. तीन अक्रोड, ओढ्याचं कोपर. महिनाभर शोधतोय. डॅरेल म्हणाला, नकाशावर बायकोचं माहेर शोधणारा तू पहिलाच.” डॅरेल त्याचा धंद्यातला जुना भागीदार. तो, डॅरेल आणि डॅरेलचा मेहुणा, तिघे मिळून हरणांच्या मोसमाला तिथे जाणार होते, उन्हाळ्यात बायका-नातवंडांना घेऊन तंबू ठोकणार होते. “पण कागदावर आपली दोघांची नावं. तुझं आधी. सही दोघांची. चाळीस वर्षांनी बापाची जमीन लेकीकडे येतेय, आणि बाई म्हणते दात दुखतोय.”

तेव्हा सांगता आलं असतं. चमचा वाडग्यात ठेवून, तोंड पुसून, एका वाक्यात. पण रॉसने मिरचीने नाक ओढलं आणि तो तिच्याकडे असा बघत होता की त्याच्या हातातून ते काढून घेणं तिला जमेना. आणि राग तर त्याच्यावर नव्हताच. मग कुणावर होता? जाहिरात लिहिणाऱ्यावर? कुणा पोटभरू माणसाने खुर्चीत बसून लिहिलं असेल, आधीच्या जाहिरातीवरून उतरवून घेतलं असेल. की मुळात रागच नव्हता तो, उघडं पडण्याची भीती होती, रागाचा कोट घालून आलेली? तिने रात्रीची भांडी घासली, पुसली, जागेवर ठेवली, आणि तिला कळलं की दोन्ही होतं, आणि दोन्हींना एकच दार होतं.

शनिवारी सकाळी डांबर संपून खडीचा रस्ता लागला, गाडीच्या पोटाखाली खडे तडतडू लागले, आणि तिच्या पायाच्या बोटांनी आपोआप बुटांच्या आत मुठी वळल्या. जंगलाच्या कडेला अजून पाला नव्हता, मधूनमधून रेडबडचं झाड गुलाबी फुलांनी पेटलेलं. शेजारच्या रानाच्या कडेने झाडाझाडावर छातीच्या उंचीला जांभळे पट्टे ओढलेले होते. जमीनविक्रीचा दलाल केल्सो फाटकाशी वाट बघत होता. चाळिशीचा, पानापानांच्या नक्षीची टोपी, हात घट्ट मिळवण्याची सवय. नेल्डाने त्याला विचारलं, “ती झाडं तोडणार आहेत का? खुणा केल्यात त्या?”

“नाही मॅडम. जांभळा पट्टा म्हणजे आत येऊ नका. कायदाच आहे तसा. पाट्या लोक चोरून नेतात. झाड कोण नेणार?” तो हसला. “सहीनंतर तुम्हीही मारून घ्या. दोन डब्यांत सगळी हद्द होते.”

तिच्या काळी असं नव्हतं. तिच्या काळी माणूस मागच्या दाराशी यायचा, बूट झटकायचा, टोपी काढायचा आणि विचारायचा, आणि बाप म्हणायचा, जा, फाटक तेवढं लावून घ्या. जमीन दुसऱ्याची, पण ते ‘जा’ त्याचं होतं. मालकीणबाईंनाही कधी विचारावं लागलं नाही. ते आठवून तिला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की केल्सोच्या उघड्या गाडीत बसून असं बरं वाटून घेणं हीसुद्धा चोरीच आहे. गाडी उतारावरून निघाली. रॉस पुढे, ती मागे, आणि केल्सो मान वळवून वळवून बोलत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला ती जमीन खरोखरच आवडत होती. हीच तर पंचाईत होती.

“मागच्या मालकाने वीस वर्षं हात लावला नाही हिला,” तो म्हणाला. “देव त्याचं भलं करो. नांगरत बसला असता तर आज आपण इथे नसतो. हे दाट दिसतंय ना, काटेगुलाब, सीडर, सगळं एकात एक गुंतलेलं? ह्यातच हरणांचे मोठे नर दिवसा बसून असतात. माणूस शिरू शकत नाही, म्हणून. आणि ही घळ बघा. ह्या घळीसाठी लोक जीव टाकतात. पश्चिमेचा वारा, वरून खाली उतरणारी पायवाट. इथे मचाण बांधलंत की झालं.”

“आणि खाली ओढ्याकाठचा तो सपाट तुकडा?” रॉसने विचारलं.

“तिथे पेरा ना. क्लोव्हर, सलगम. थोडा मका.”

“कापायचा कधी मका?” नेल्डा म्हणाली. दोघांनी मागे वळून पाहिलं.

“कापायचा नाही, मॅडम. हरणांसाठी उभा ठेवायचा.”

उभा ठेवायचा. त्या सपाट तुकड्यावर एका ऑक्टोबरात पावसाने चिखल झाला होता, यंत्र आत जाईना, आणि बाप, आई, ती, तिघांनी हातांनी मका मोडला होता, गुडघाभर चिखलात, कणीस न् कणीस, कारण उभा ठेवला तर हरणं खातील. हरणं खातील हे त्या घरात संकटाचं नाव होतं. पहिल्या वर्षी बापाने ओढ्याकाठ मोकळा केला, कुऱ्हाड एक, साखळी एक, घोडा उसना. दुसऱ्या वर्षी उतारावरची सीडर काढली, मुळासकट काढली, मुळं पेटवली, आईने त्या निखाऱ्यांवर कॉफी केली. तिसऱ्या वर्षी काटेगुलाब आला; कुण्या सरकारी माणसाने रोपं वाटली होती, जिवंत कुंपण होईल म्हणाला होता, आणि ते कुंपण जिवंत झालं ते पुन्हा मरेना. चौथ्या वर्षी काटेगुलाब, पाचव्या वर्षी काटेगुलाब, सहाव्या वर्षी बापाच्या मनगटात काटा मोडला, हात दुधीएवढा सुजला, तरी डाव्या हाताने कोयता. आणि ही घळ. ही घळ म्हणजे वाहून गेलेली जमीन. दर वसंतात ती हातभर वर सरकायची, शेत खात यायची, आणि बाप तिच्यात दगड भरायचा, फांद्या भरायचा, एकदा तर एका मोडक्या गाडीचा सांगाडा लोटला त्याने तिच्यात. पाहुणे आले तर तो त्यांना दुसऱ्या बाजूने फिरवायचा. घरात कुणाला लाज आणणारं माणूस असावं तशी ती घळ होती. बावीस वर्षं तो ह्या सगळ्याशी भांडला, आणि जे जे तो हरला त्याचीच आज किंमत होती. जिथे तो जिंकला होता तो सपाट तुकडा जाहिरातीत नुसता आकडा होता. काटे जिंकले, सीडर जिंकली, घळ जिंकली, आणि आता एक भला माणूस टोपी सारखी करत म्हणत होता की देव त्याचं भलं करो ज्याने हात लावला नाही.

घरापाशी गाडी थांबली. घर तिच्या अंदाजापेक्षा लहान होतं, आणि ओसरीवर कुणीतरी गवताचे चौकोनी भारे रचून ठेवले होते. “आत जाऊ नका,” केल्सो म्हणाला, “विम्याचं लफडं आहे. हे पाडून इथे छान शेड होईल, हरणं सोलायला, थंड खोली वगैरे. पाया चांगला आहे.” ती आत गेली नाही. तिला जायचंही नव्हतं. खिडकीला काच नव्हती आणि आतून गवताचा गोड, सुका वास येत होता, जणू घराला आपण घर होतो हे विसरून बराच काळ लोटला होता आणि ते आता सुखात होतं. केल्सोने गाडीच्या बॉनेटवर पाटीसारखा सपाट संगणक ठेवला, सही करायची लेखणी रॉसच्या हातात दिली. सेंट लुईसहून दोघे जण दोन वाजता बघायला येणार होते. घाई करा असं तो म्हणत नव्हता, फक्त सांगत होता. रॉसने काचेवर आपलं नाव लिहिलं, लहान मुलासारखं, जीभ बाहेर काढून. मग लेखणी तिच्यापुढे धरली.

त्याच वेळी खालून एक जुनी पिकअप गाडी धुरळा उडवत आली आणि फाटकाशी थांबली. तिच्यातून उतरलेला म्हातारा चालत वर येईस्तोवर सगळे थांबले, कारण तो हात वर करून येत होता. नेल्डाने त्याला चालीवरून ओळखलं. ऑर्व्हिल पिकेट, पलीकडच्या टेकडीवरचा. बापाचा शेजारी. तेव्हा तो चाळिशीचा होता आणि शिट्टी वाजवत यायचा. त्याने तिला ओळखलं नाही. त्याने टोपी काढली, टक्कल पुसलं, आणि तिघांमध्ये मालक कोण असेल ह्याचा अंदाज घेऊन रॉसकडे तोंड केलं.

“तुम्ही घेताय म्हणे. मी पिकेट. हे गवत मी कापतो, भारे माझेच आहेत, उचलून नेईन. विचारायला आलो की ह्या साली कापू द्याल का.”

“बघू ना, मिस्टर पिकेट,” रॉस म्हणाला. “अजून काहीच ठरलं नाही.”

“बरं. आणि दुसरं म्हणजे अळंबी. एप्रिलात, म्हणजे आत्ताच, त्या मेलेल्या एल्मच्या झाडांखाली उगवते. मी आणि बायको यायचो. बायको आता नाही, मी एकटाच. पिशवीभर काढतो. निम्मी तुमच्या दाराशी ठेवत जाईन.”

“त्याचं काय आहे, आजोबा,” केल्सो मध्ये पडला, “ह्यांना विम्याचं बघावं लागेल. तुम्ही पडलाबिडलात तर ह्यांच्या गळ्यात यायचं.”

“पडायचं असतं तर मी मागेच पडून घेतलं असतं,” पिकेट म्हणाला. “फुकट. साठ वर्षं येतोय मी ह्या ऑस्टरमन वस्तीवर.”

रॉसने चटकन नेल्डाकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा फुलला की तिला तिकडे बघवेना. “काय म्हणालात? कुठली वस्ती?”

“ऑस्टरमन. सगळे तेच म्हणतात. पत्ता विचारलात तरी तेच सांगतील.”

नेल्डा ज्या घरात वाढली ती गेंट्री वस्ती होती. गेंट्री कोण ते तिने कधी पाहिले नव्हते. ते तिच्या जन्माआधी कधीतरी आले, राबले आणि गेले होते. पण शाळेची गाडी गेंट्री वस्तीवर थांबायची, दूधवाला गेंट्री वस्तीवर यायचा, आणि एकदा तिने रडून विचारलं होतं की आपण इथे राहतो तर आपलं नाव का नाही. बाप हसला होता. म्हणाला होता, इथली रीतच ती, राहतो त्याचं नाव नसतं, गेला त्याचं असतं. म्हणजे ऑस्टरमन गेल्यावर, मोठी यंत्रं आल्यावर, कुणीतरी कुणाला पत्ता सांगताना म्हणालं असेल, ती ऑस्टरमन वस्ती. शहरात बाप शाळेच्या फरशा पुसत होता तेव्हा. त्याला ते कळलं नाही. कुणी कळवलं नाही. पत्र फक्त पुतण्याचं आलं.

“ऐकलंस, नेल?” रॉस म्हणत होता. “बापाच्या नावावर आहे ती अजून. मिस्टर पिकेट, ही कोण माहीत आहे तुम्हाला?”

पिकेट जवळ आला. त्याने मान तिरकी केली. “अल्विनची? अल्विनची नेल्डा? अगं, केस केवढे पिकवून घेतलेस.”

“तुम्ही काय कमी पिकवलेत?”

“माझे पिकायला राहिलेत कुठे.” मग त्याची नजर गाडीच्या बॉनेटकडे गेली, त्या चकाकत्या पाटीकडे, लेखणीकडे. तो गंभीर झाला. “म्हणजे तूच घेतेयस होय. मग ठीक आहे. मग मी तुलाच विचारतो, पोरी. अळंबी काढू का?”

ज्याच्या खांद्यावर बसून तिने ओढा ओलांडला होता तो माणूस टोपी हातात घेऊन तिला विचारत होता. उन्हात त्याचं टक्कल चमकत होतं, आणि तो थट्टा करत नव्हता. जो कागद अजून झालाही नव्हता त्याच्यापुढे तो वाकला होता. आणि हे सगळं एका शब्दावर उभं होतं, बटाट्यांच्या भांड्यावरून उच्चारलेल्या. नेल्डाने लेखणी घेतली. घेतली आणि बॉनेटवर आडवी ठेवून दिली.

“रॉस,” ती म्हणाली, “ही बाबांची जमीन नव्हती.”

“काय?”

“आम्ही अर्धेलीने करायचो. मालक दुसरे होते. ह्यातली मूठभर माती आमची नव्हती. मी तुझ्या आईला खोटं सांगितलं आणि मग तेच चालू ठेवलं.”

रॉसने पिकेटकडे पाहिलं. पिकेट टोपीच्या आत बघत होता. “खरंय,” तो म्हणाला, “पण ते तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात लपवायचं काय.”

“मला ठाऊक नव्हतं,” रॉस म्हणाला. केल्सो दोन पावलं बाजूला होऊन फोनमध्ये बघू लागला, आणि त्या क्षणी तिला त्याच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. मग रॉस हळूच म्हणाला, “बरं. नव्हती तर नव्हती. मग आता होऊ दे. नेल, आता तर जास्तच घ्यायला हवी. त्याला मिळाली नाही, तुला मिळेल. तू नाही घेतलीस तर ते सेंट लुईसवाले घेतील, जांभळे पट्टे मारतील, आणि मिस्टर पिकेटांना फाटकावरूनच परत जावं लागेल.”

हे खरं होतं. रॉस छपरं घालणारा माणूस, वजन कुठे पडतं ते त्याला बरोबर कळायचं. तिने त्या दाट गुंत्याकडे पाहिलं, काट्यांवर नुकती फुटलेली कोवळी पोपटी पालवी, आत कुठेतरी निवांत बसलेले मोठे नर. सुंदर होतं ते. तिला नाकारता येईना की सुंदर होतं. पण डॅरेल इथे मचाणावर बसून म्हणेल, काय जागा आहे, आणि रॉस म्हणेल, बायकोच्या बापाची, आणि ती घळीच्या काठी खुर्ची टाकून लिंबू सरबत पीत ते ऐकेल. सहीने ती जमीन तिची होईल, खोटं खरं होईल, आणि बापाची बावीस वर्षं मात्र कायमची चूक ठरतील.

“माझा बाप ह्या काट्यांशी बावीस वर्षं भांडला,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिलाच त्याचं नवल वाटलं. “मी काट्यांच्या बाजूने सही करणार नाही. ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांनी करावी. त्यांचा काही दोष नाही.”

“आणि मी?” रॉस म्हणाला. “मी महिनाभर शोधत होतो.”

“माहीत आहे.”

“मी तुझ्यासाठी शोधत होतो.”

“माहीत आहे, रॉस. मी तुला जे सांगितलं तेच तू शोधलंस. चूक शोधण्याची नाही.”

त्याने खिशात हात घातले, काढले, परत घातले. तो रागावला होता, आणि तिला ते योग्य वाटलं. इतक्या वर्षांत त्याला खरं काही रागवायला दिलंच नव्हतं तिने. केल्सोने घसा साफ केला. “मॅडम, मी दोन वाजेपर्यंत इथेच आहे. विचार करा.”

“केला,” नेल्डा म्हणाली. मग ती पिकेटकडे वळली. “ऑर्व्हिल, पिशवी आहे तुमच्याकडे?”

“गाडीत आहे. का?”

“आज शनिवार. आज ही कुणाचीच नाही. कुणाला विचारायचं नाही आज. दोन वाजायला बराच वेळ आहे.”

म्हाताऱ्याने आधी केल्सोकडे पाहिलं, मग रॉसकडे, मग टोपी डोक्यावर घातली आणि पिशवी आणायला उतारावरून निघाला. ती त्याच्यामागे निघाली.

“नेल,” रॉसने हाक मारली. “किती वेळ लागेल?”

“ते अळंबीवर आहे,” पिकेट न वळता म्हणाला.

एल्मांच्या अलीकडे तारांचं कुंपण होतं, गंजलेलं, पण ताठ. नेल्डाने खालची तार बुटाने दाबली, वरची दोन बोटांत काटे चुकवून उचलून धरली, आणि पिकेट पाठ वाकवून, दम घेत, सदरा न फाटता पलीकडे गेला. मग त्याने वळून तिच्यासाठी तशाच दोन्ही तारा फाकवून धरल्या.